समान वांटणी आणि दृढभाजक

वांटणीचें काम दिसावयास सोपें, पण निभावण्यास फार कठीण. गांवांत अतिवृष्टि झाली, अथवा पाऊस मुळींच फिरकला नाहीं, म्हणजे शहरांतून मदतीची गाडी येते. शाळेंत वह्या येतात. सणाच्या दिवशीं मुलांकरितां खाऊ येतो. वस्तु पाहून सर्वांस आनंद होतो, आणि वांटप संपतें न संपतें तोंच अर्धें गांव तोंड वांकडें करून घरीं जातें. असें कां व्हावें? ज्यांच्या हातून वांटप होतें ते सर्वच लबाड असतात, असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळदां त्यांच्या मनांत कपट नसतें, फक्त हिशेब नसतो. आणि हिशेब नसला म्हणजे ज्याच्या वांट्यास कमी येतें त्यास कपट दिसूं लागतें. म्हणून आमच्या खेड्यांतील गुरुजी, उपदेशक व मंडळीची वही लिहिणारे बंधुभगिनी यांच्यापुढें आज आम्ही अंकगणितांतील एक जुनें साधन मांडतों. वडील मंडळी त्यास दृढभाजक म्हणून ओळखीत. आजच्या मुलांच्या पुस्तकांत त्यालाच महत्तम साधारण विभाजक, थोडक्यांत मसावि, म्हणतात. नांव कोणतेंही घ्या, वस्तु एकच आहे.

पूर्णा नदीच्या कांठचें परभणी जिल्ह्यांतील एखादें गांव डोळ्यांपुढें आणा. समजा, मदतीच्या गाडींतून १२६ चादरी, २९४ साबणाच्या वड्या आणि २१० काडेपेट्या उतरल्या व चावडीच्या ओसरीवर तीन ढीग झाले. आतां सारखे गठ्ठे बांधावयाचे आहेत. प्रत्येक गठ्ठ्यांत चादरी तितक्याच, वड्या तितक्याच, पेट्या तितक्याच. आणि मागें एकही वस्तु उरूं नये. असे जास्तींत जास्त किती गठ्ठे होतील?

दोन गठ्ठे सहज होतात, कारण तिन्ही संख्या सम आहेत. तीन होतात, सहा होतात, सातही होतात. पांच मात्र होत नाहींत: काडेपेट्यांचे बरोबर पांच भाग पडतात, पण एक चादर उरते आणि साबणाच्या चार वड्या उरतात. तेव्हां जी संख्या तिन्ही ढिगांस निःशेष भागते तीच येथें चालते. अशा संख्येस साधारण भाजक म्हणावें. आणि अशा सर्व भाजकांत जो सर्वांत मोठा तो दृढभाजक.

तो काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिली अवयवांची. १२६ म्हणजे २ × ३ × ३ × ७. २९४ म्हणजे २ × ३ × ७ × ७. २१० म्हणजे २ × ३ × ५ × ७. तिहींत सारखे आढळणारे अवयव २, ३ व ७. त्यांचा गुणाकार ४२. शाळेंत बहुधा हीच रीत प्रथम शिकवितात, आणि लहान संख्यांस ती चांगली. परंतु संख्या मोठ्या झाल्या म्हणजे अवयव शोधतां शोधतां माणूस थकतो. ११४७ चे अवयव काढून पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतों तें कळेल; २, ३, ५, ७ यांपैकीं एकानेंही तो भागला जात नाहीं, आणि पुढें किती वेळ चांचपडावें लागेल हें आधीं सांगतां येत नाहीं.

दुसरी रीत परस्पर भागाकाराची, आणि आमच्या मतें खेड्यांतील शिक्षकानें हीच पक्की करून ठेवावी. मोठ्या संख्येस लहान संख्येनें भागावें. जी बाकी उरेल तिनें त्या लहान संख्येस भागावें. पुन्हां जी बाकी उरेल तिनें मागील बाकीस भागावें. असें करीत जावें, आणि बाकी शून्य येईल तेव्हां शेवटचा भाजक तोच दृढभाजक. आमच्या ढिगांवर ती चालवून पाहूं. २९४ ला २१० नें भागिलें, बाकी ८४. २१० ला ८४ नें भागिलें, बाकी ४२. ८४ ला ४२ नें भागिलें, बाकी कांहीं नाहीं. म्हणून साबण व काडेपेट्या यांचा दृढभाजक ४२. आतां तिसरा ढीग १२६ चादरींचा. त्यास ४२ नें भागिलें तर बरोबर ३ येतात. म्हणून तिहींचा दृढभाजकही ४२ च. गठ्ठे ४२ होतील, आणि प्रत्येकांत ३ चादरी, ७ वड्या व ५ काडेपेट्या पडतील.

आणि वर सांगितलेला ११४७? त्याची जोडी १२७१ शीं लावा. १२७१ वजा ११४७, बाकी १२४. ११४७ ला १२४ नें भागिलें, भागाकार ९ व बाकी ३१. १२४ ला ३१ नें भागिलें, बाकी शून्य. दृढभाजक ३१. तीन ओळींत काम झालें, आणि एकही अवयव शोधावा लागला नाहीं.

ही रीत खरी कां, हें सांगितल्यावांचून ती शिकवूं नये. नाहींतर शिकणारा तिला मंत्र समजतो. कारण साधें आहे. समजा, एक माप आहे, आणि तें २९४ वड्यांचा ढीग बरोबर भरून संपवितें, अर्धवट माप उरत नाहीं. तेंच माप २१० चाही ढीग बरोबर संपवितें. मग मोठ्या ढिगांतून लहान ढिगाइतका भाग बाजूस काढला, तर उरलेल्या ८४ चा ढीगही त्या मापानें बरोबर संपलाच पाहिजे. कारण पुऱ्या मापांतून पुरीं मापें काढलीं तर पुरींच मापें उरतात. म्हणून २९४ व २१० या जोडीचें जें माप, तेंच २१० व ८४ या जोडीचें, तेंच ८४ व ४२ या जोडीचें. ढीग लहान होत गेले, पण माप बदललें नाहीं. शेवटीं एक ढीग दुसऱ्यांत पुरता बसला, तेथें तें माप आपोआप उघडें पडलें.

रात्रीच्या वर्गास प्रौढ माणसें येतात, आणि त्यांपैकीं कित्येकांस शंभरापुढील आंकडे लिहितां येत नाहींत. त्यांना हा धडा दोन दोऱ्यांनीं द्यावा. एक दोरी ८४ बोटें लांब व दुसरी ६० बोटें लांब, अशा मोजून घ्याव्या, पण बोटें किती तें वर्गास सांगूं नये. (घरचा कासरा कापल्यास वडील माणसें रागावतील, सुतळी घ्यावी हें बरें.) आंखूड दोरी लांब दोरीवर टोकास टोंक लावून ठेवावी आणि जें अधिक राहील तें कापावें. हा कापलेला तुकडा आंखूड दोरीवर मापीत न्यावा. तो दोनदां बसेल व थोडी दोरी उरेल. ती उरलेली दोरी कापून मागील तुकड्यावर मापावी. ती दोनदां बरोबर बसेल आणि कांहीं उरणार नाहीं. हातांत राहिलेला हा लहान तुकडा बारा बोटांचा आहे, आणि त्यानें दोन्ही मूळ दोऱ्या निःशेष मापल्या जातात: एक सात वेळां, दुसरी पांच वेळां. आंकडा एकही लिहिला गेला नाहीं, तरी दृढभाजक निघाला. ग्रीक पंडित युक्लिड यानें ख्रिस्तापूर्वीं सुमारें तीनशें वर्षें आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागाच्या आरंभींच हीच रीत दिली आहे, आणि तीही रेषांच्या लांबीवरच समजाविली आहे. दोरी मात्र ताणूं नये. ताणलेली दोरी युक्लिडासही फसवील.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. दृढभाजक ४२ आला, गठ्ठे ४२ बांधले. पण गांवांत कुटुंबें किती? हा प्रश्न ढिगांस विचारून भागत नाहीं. तो दारोदार जाऊन विचारावा लागतो. कुटुंबें ४२ असतील तर सर्व सरळ आहे. २१ असतील तरी सरळ आहे. प्रत्येकास दोन गठ्ठे. १४ असतील तर तीन तीन. नियम असा कीं, कुटुंबांची संख्या दृढभाजकास निःशेष भागीत असेल तरच सर्व वस्तूंची, कांहीं न उरतां, सारखी वांटणी होते. एरवीं होत नाहीं, मग वांटणारा कितीही हुशार असो.

आणि कुटुंबें ४८ निघालीं तर? येथेंच खरी परीक्षा होते. गठ्ठे सुबक बांधलेले आहेत, सुतळीनें आवळलेले आहेत. ते पुन्हां सोडण्याचा कंटाळा येतो. मग कोणी तरी म्हणतो, "बेचाळीस घरांस देऊन टाका, राहिलेल्या सहांचें पुढच्या गाडीला पाहूं." हीं राहिलेलीं सहा घरें कोणतीं असतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तीं वाड्यालगतचीं कधींच नसतात. तीं गांवकुसाबाहेरचीं असतात, ओढ्यापलीकडचीं असतात; एखाद्या विधवेचें असतें; ऊंसतोडीस गेलेल्या मुलाच्या मागें राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांचें असतें. पुढची गाडी येत नाहीं, आणि आली तरी तिच्या वेळीं पुन्हां हींच सहा घरें राहतात. कोठें कोठें याहून सोईची युक्ति करितात: दोन भावांच्या दोन चुली एक धरावयाच्या, दूरच्या वस्तीवरचें घर यादींत घालावयाचेंच नाहीं, आणि अट्ठेचाळिसांचीं बेचाळीस करावयाचीं. गणितास जुळावें म्हणून माणसें कमी करणें हें गणित नव्हे.

उपाय अवघड नाहीं. गठ्ठे सोडावे. १२६ चादरींस ४८ नें भागावें: प्रत्येकास २, बाकी ३०. २९४ वड्या: प्रत्येकास ६, बाकी ६. २१० काडेपेट्या: प्रत्येकास ४, बाकी १८. म्हणजे अट्ठेचाळीसही घरांस दोन चादरी, सहा वड्या व चार पेट्या मिळाल्या, एकही घर रिकामें राहिलें नाहीं, आणि ओसरीवर ३० चादरी, ६ वड्या व १८ पेट्या राहिल्या. या राहिलेल्या ढिगांचा दृढभाजक काढा. तो ६ आहे. ५ चादरी, १ वडी व ३ पेट्या असे सहा गठ्ठे होतात. ते ज्या सहा घरांत माणसें सर्वांत अधिक किंवा नुकसान सर्वांत मोठें त्यांना द्यावे, किंवा वहींत मांडून जपून ठेवावे, किंवा चिठ्ठ्या टाकाव्या. यांपैकीं काय करावें हें गांवानें ठरवावें. पण तें वांटप होण्यापूर्वीं ठरवावें, आणि किती उरणार आहे हें चावडींत मोठ्यानें वाचून दाखवावें. आधीं वाचलेली बाकी ही सर्वांची असते. वांटपानंतर निघालेली बाकी ज्याच्या खोलींत निघाली त्याचीच समजली जाते.

आणखी एक गोष्ट, जातां जातां. दोन माणसांचें घर व नऊ माणसांचें घर यांस सारखें देणें ही समान वांटणी खरी. ती योग्य वांटणी असेलच असें नाहीं. माणशीं द्यावयाचें ठरल्यास कुटुंबांच्या जागीं माणसांची संख्या घ्यावी, पुढील रीत हीच. पण घरटीं कीं माणशीं, हा निर्णय पंचांचा आहे. तो दृढभाजकावर ढकलूं नये.

प्रश्न जुळत नसल्यास तो जुळत नाहीं असें स्वच्छ सांगण्यास पुष्कळांस संकोच वाटतो. हिशेब येत नाहीं असें लोक म्हणतील ही भीति असते. परंतु आपल्या देशांतील थोर गणित्यांस असा संकोच नव्हता. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला; शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास त्यांनीं लीलावती रचिली. तिच्या शेवटल्या भागांत कुट्टक नांवाचें गणित आहे. त्याचें मूळ आर्यभटाच्या इ. स. ४९९ मधील ग्रंथांत सांपडतें. कुट्टकांत प्रथम कामच हें असतें कीं, दिलेल्या दोन संख्यांस परस्पर भागावें आणि शेवटीं जो भाजक राहील त्यानें दोघींस लहान करावें. अशा लहान केलेल्या संख्यांस भास्कराचार्य 'दृढ' म्हणतात. आमच्या वडिलांच्या 'दृढभाजका'तील दृढ शब्द याच घराण्यांतला दिसतो. आणि ज्या प्रश्नांत तो भाजक तिसऱ्या दिलेल्या संख्येस भागीत नाहीं, त्या प्रश्नास ते सरळ 'दुष्ट' असें नांव देतात: सोडविणाऱ्याची चूक नाहीं, प्रश्नच सदोष आहे.

बाजारांतील उदाहरण घ्या. एका दुकानदाराजवळ ६ किलोचीं व ९ किलोचीं वजनें आहेत, हवीं तितकीं. त्यास ३ किलो तोलतां येतील. एका पारड्यांत ९ चें वजन, दुसऱ्यांत ६ चें वजन व माल. १२ येतील, १५ येतील. पण १० किलो त्यानें जन्मभर तोललें तरी येणार नाहींत, कारण ६ व ९ यांचा दृढभाजक ३ आहे आणि ३ नें १० भागिले जात नाहींत. अशा दुकानदारास नवीन वजन आणावयास सांगावें. त्यास मूर्ख म्हणूं नये.

ही विद्या आमच्या जिल्ह्यास परकी नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पाथरी हें तालुक्याचें गांव आपण बाजाराच्या व कचेरीच्या कामानें ओळखतों. जुन्या ग्रंथांत ज्यास पार्थपूर म्हटलें आहे तें हेंच, असें विद्वान मानतात. तेथें ज्ञानराज नांवाचा ज्योतिषी होता; त्यानें शके १४२५, म्हणजे इ. स. १५०३ मध्यें, सिद्धान्तसुन्दर हा ग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास यानें इ. स. १५३८ मध्यें भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि इ. स. १५४१ मध्यें लीलावतीवर टीका लिहिली. म्हणजे परस्पर भागाकाराची ही रीत सांगणारा ग्रंथ आजपासून सुमारें पावणेपांचशें वर्षांपूर्वीं आपल्याच पाथरीच्या माणसानें ओळीनें उलगडून ठेविला होता. मात्र तो उलगडा संस्कृतांत होता, आणि तो कोणाच्या ओसरीपर्यंत पोंचला व कोणाच्या नाहीं, हें येथें फोडून सांगण्याचें कारण नाहीं. आतां तो शाळेंतील मुलीच्या वहींत मराठींत लिहिलेला असतो. तिला विचारावें, ती सांगेल.

बाकी कोणावर पडते, याचा आणखी एक दाखला आजोबांच्या तोंडून ऐकावयास मिळेल. पूर्वीं रुपयाचे आणे सोळा. निजामाच्या राज्यांत परभणीस हाली रुपया चाले, त्याचेही सोळाच. ता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आतां १६ व १०० यांचा दृढभाजक ४. म्हणून जुनें व नवें नाणें रुपयाच्या चार भागांवरच बरोबर भेटे: चार आण्यांचे २५ पैसे, आठ आण्यांचे ५०, बारा आण्यांचे ७५. मधल्या आण्यांस पुरे पैसे मिळत ना. एका आण्याचे खरे सव्वा सहा, पण सरकारी कोष्टकांत सहा. दोन आण्यांचे बारा. तीन आण्यांचे एकोणीस. जो एकदम पावली मोडी त्यास पंचवीस मिळत; जो एकेक आणा करून चार आणे मोडी त्याचे चोवीसच होत. मोठी रक्कम मोडणारास ही बाकी जाणवलीही नाहीं. जाणवली ती सुटा आणा घेऊन दुकानीं जाणाऱ्यास. २५ पैशांचें नाणें ३० जून २०११ पासून चलनांतून गेलें, तरी "बारा आणे काम झालें" असें आपण अजून म्हणतों.

पुढील उदाहरणें वर्गांत करून घ्यावीं.

शाळेस १८० वह्या व २५२ पेन्सिली मिळाल्या. कांहीं न उरतां जास्तींत जास्त किती सारखे संच होतील? मुलें ३० असल्यास प्रत्येकास काय मिळेल व काय उरेल? दुसरें, एक जमीन १५६ पावलें लांब व ९६ पावलें रुंद आहे. तींत सारखे चौरस वाफे पाडावयाचे आहेत, जागा वायां जाऊं नये, आणि वाफा होईल तितका मोठा असावा. वाफ्याची बाजू किती, आणि वाफे किती? तिसरें, ३५ लिंबें व ४८ पेरू यांचा दृढभाजक काढा, आणि जें उत्तर येईल त्याचा अर्थ मुलांकडूनच वदवून घ्या. चौथें, ८ किलोचीं व १२ किलोचीं वजनें हवीं तितकीं असतां २२ किलो धान्य तोलतां येईल काय? २० किलो?

उत्तरें: ३६ संच, प्रत्येकांत ५ वह्या व ७ पेन्सिली, ३० मुलांस प्रत्येकीं ६ वह्या व ८ पेन्सिली, आणि १२ पेन्सिली शिल्लक. वाफ्याची बाजू १२ पावलें, वाफे १०४. दृढभाजक १. बावीस किलो येणार नाहींत, वीस येतील.